पाच तासांत सिएना, वळसा घालून

जेम्माचं लग्न सिएनाला लागायचं की उदिनेला, हे शेवटी पाच तासांवर येऊन ठेपलं.

मुलगी तोरिनोला नोकरीला होती. तिथंच तिने तुल्लिओ नावाचा उदिनेचा मुलगा पसंत केला. मुलगा चांगला होता. उदिनेही काही वाईट नव्हतं; पण फोस्कोराव मेनिकेत्तींच्या मते ते नकाशाच्या इतक्या काठावर होतं की नकाशा जरा जोरात झटकला तर खाली पडावं. आणि मुख्य म्हणजे तिथं गोगलगाय आळी नव्हती. फोस्कोराव गोगलगाय आळीत जन्मले, आळीच्या बाप्तिस्म्याला आळीच्या कारंज्याचं पाणी त्यांच्या टाळूवर पडलं तेव्हा ते आठ महिन्यांचे होते, आळीच्याच चर्चमध्ये त्यांचं लग्न लागलं आणि उद्या डोळे मिटले तरी पेटीवर झेंडा आळीचाच पडणार होता. मध्ये फक्त मुलीचं लग्न तेवढं राहिलं होतं.

जेम्माने फोनवर सांगून टाकलं होतं, "बाबा, मला भांडण नको. तुल्लिओचे आईबाबा रोमहून परतताना गुरुवारी पाच तास सिएनाला उतरणार आहेत. त्यांना गाव आवडलं तर लग्न तिथं, नाही आवडलं तर उदिनेला. सासूबाई म्हणतील ते गाव, त्या म्हणतील ते चर्च. मी अंगठी कुठंही घालून घेईन."

"अंगठी कुठंही!" फोन ठेवून फोस्कोराव म्हणाले. "दहा वर्षं तोरिनोला राहिलं की माणसाचं असं होतं."

पण एका गोष्टीबद्दल ते निर्धास्त होते. रेल्वेच्या वेळापत्रक खात्यात त्यांची छत्तीस वर्षं गेली होती. पाच तासांत सिएना बसवायचं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. त्यांनी रेघा मारून तक्ता केला. अकरा वाजता बस. अकरा दहाला मोठा चौक. अकरा चाळीसला कॅथेड्रल. एक वाजता घरी जेवण. अडीचला आळीचं चर्च, म्हणजे लग्नाची जागा. तिथं विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी येण्यासाठी आठ मिनिटं. पावणेचारला परत बस.

तक्ता स्वयंपाकघरात चिकटवला आणि चूक तिथंच झाली. कारण वरच्या मजल्यावरच्या नॉर्माबाई मीठ मागायला आल्या आणि मीठ विसरून तक्ता वाचत बसल्या.

"यात मनोरा कुठंय? मनोरा चढल्याशिवाय काय सिएना पाहिलं?"

"चारशे पायऱ्या आहेत, नॉर्माबाई. विहीणबाईंच्या गुडघ्याचं हिवाळ्यातच ऑपरेशन झालंय."

"मग हळू चढतील! आणि आळीच्या चर्चला आठ मिनिटं? आठ मिनिटांत तर वास्कोचा खोकला थांबत नाही."

वास्को म्हणजे आळीच्या संग्रहालयाच्या किल्ल्या सांभाळणारा. तो संध्याकाळी स्वतःच आला आणि म्हणाला की मोठ्या चौकातल्या घोड्यांच्या शर्यतीत आळीने जिंकलेले सगळे रेशमी पट दाखवायचे तर, प्रत्येकामागची कथा न सांगता, नुसते दाखवायचे तरी दोन तास. कथा न सांगणं त्याला या जन्मी जमलेलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

खरी पंचाईत गुडघ्याची होती. जुन्या गावात मोटार आणायला परवाना लागतो. फोस्कोराव परवान्याच्या कचेरीत गेले. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने फोटो मागितला, विहीणबाईंच्या गुडघ्याचा नव्हे, मोटारीचा. मोटार मेव्हण्याची, मेव्हणा गावाला. चौथ्या खेपेला सगळे कागद जुळले आणि फोस्कोराव तिसऱ्या खिडकीशी पोचले. आतला तरुण कारकून हसतमुख. "बसा ना काका. आजारी माणसासाठी आहे ना? दोन मिनिटांत शिक्का मारून देतो."

फोस्कोराव बसणार, एवढ्यात त्यांना कारकुनाच्या खुर्चीच्या पाठीवर टाकलेला रुमाल दिसला. पिवळा आणि निळा. कासव आळीचा.

इथं एक सांगायला हवं. सिएनात सतरा आळ्या. बहुतेक आळ्यांचं एकेक जनावर, प्रत्येकीचा झेंडा, चर्च, कारंजं, आणि नशीब चांगलं असेल तर एक वैरी. गोगलगाईचं वैर कासवाशी. दोघी शेजारणी, भिंतीला भिंत. भांडण कशावरून सुरू झालं हे कुणालाच नक्की ठाऊक नाही, त्यामुळे ते मिटवायची सोयही नाही. "कासवांनी तुमचं काय घोडं मारलंय?" असं फोस्कोरावांच्या पत्नी इल्दाबाई लग्नानंतर पहिल्याच वर्षी विचारून बसल्या होत्या. त्या बदक आळीच्या माहेरवाशीण, त्यांना काय कळणार! "मारलं नाही, अडवलं," फोस्कोराव गंभीरपणे म्हणाले होते. "माझ्या आजोबांच्या वेळी. शेवटच्या वळणावर." आणि गेल्या एकेचाळीस वर्षांत त्यांचं पाऊल कासव आळीच्या फरसबंदीवर पडलेलं नव्हतं.

"काय काका, शिक्का मारू ना?" कारकुनाने विचारलं.

"नको," फोस्कोराव उठत म्हणाले. "गुडघा बरा झाला."

घरी इल्दाबाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी परवाने बंद आहेत असं सांगितलं. मोटारीवाचून भागलं असतं. पण बुधवारी रात्री जेम्माचा फोन आला, "बाबा, नेहमीचा बसथांबा खणून ठेवलाय म्हणे. बस तूफी दरवाज्यापाशी थांबेल. तिथून चौक दहा मिनिटांवर, बरंच झालं की!"

फोस्कोरावांनी फोन ठेवला. तूफी दरवाजा कासवांचा. कमानीतून आत पाऊल टाकलं की कासव आळी.

"एक दिवस," इल्दाबाई म्हणाल्या. "एक दिवस डोळे झाकून चाला. आणि त्यांच्यापुढं कासवाचा क सुद्धा काढू नका. उदिनेची माणसं समंजस असतात. आपली मुलगी वेड्याच्या घरची आहे असं त्यांना लग्नाआधी कळायला नको."

दुसरी गोष्ट फोस्कोरावांनी ऐकली. पहिली त्यांना ऐकूच आली नाही.

गुरुवारी अकराला ते तूफी दरवाज्याबाहेर उभे होते. आपल्या आळीच्या सान मार्को दरवाज्यातून बाहेर पडून, तटाच्या कडेकडेने चालत आलेले, कपाळाला घाम. बसमधून व्याही उतरले. एर्मेसराव झानिएर उंच, कमी बोलणारे, उभा जन्म भूमापनात गेलेले. जमिनीकडे बघत चालायची सवय अजून सुटली नव्हती. नोएमीबाई ठेंगण्या, ठसठशीत, हातात काठी.

"या, या! प्रवास बरा झाला ना?"

"झाला. हाच ना दरवाजा?" नोएमीबाई कमानीकडे निघाल्यासुद्धा.

"नको, नको, विहीणबाई! इथून नाही."

"का? उघडाय की."

फोस्कोरावांनी छत्तीस वर्षांत उशिरा आलेल्या गाड्यांची हजारो कारणं लिहिली होती. त्यांतलं एकही आत्ता आठवेना. "तटबंदी बाहेरून पाहिल्याशिवाय सिएना कळतच नाही," ते म्हणाले.

मग तटबंदी पाहिली. मे महिन्याचं ऊन, रस्त्याला पदपथ नाही, एका बाजूला ट्रक आणि दुसऱ्या बाजूला खाजकुइली. तटाच्या फटीफटींतून पिवळी रानफुलं वाऱ्यावर माना डोलावत होती, ऑलिव्हच्या बागा दरीत उतरत रुपेरी होत होत्या. कुणी सावलीत बसून पाहिलं असतं तर गाणं सुचावं असं ते सगळं होतं. नोएमीबाईंना ते दिसलं नाही. त्या काठी टेकत ट्रक चुकवत होत्या.

"हे बघा, केवढा मोठा तट!" फोस्कोराव दर पन्नास पावलांनी म्हणत.

"मघाशी होता तोच आहे ना हा?" नोएमीबाई म्हणाल्या.

एर्मेसराव थांबले, मागं वळून पाहिलं, बोटाने हवेत काहीतरी मोजलं. "फोस्कोराव, माझा हिशेब चुकत असेल. पण आपण चौकोनाच्या तीन बाजू चाललो असं वाटतं."

"जुनं गाव आहे," फोस्कोराव म्हणाले. "इथं चौकोन नसतात."

मोठ्या चौकात ते अकरा दहाऐवजी बारा वीसला पोचले. तिथं नॉर्माबाई आणि वास्को हजर होते. येऊ नका असं फोस्कोरावांनी दोघांनाही दोनदा बजावलं होतं, त्यामुळे त्यांना वेळ बरोबर ठाऊक होती.

"या का त्या नवऱ्या मुलाच्या आई!" नॉर्माबाईंनी नोएमीबाईंचे दोन्ही गाल चुंबून टाकले. "आमच्या आळीच्या चर्चमध्ये लग्न, म्हणजे भाग्य हो! शर्यतीच्या दिवशी आम्ही घोड्याला तिथंच नेतो, थेट वेदीपुढं. पाद्रीबाबा आशीर्वाद देतात. आणि घोड्याने तिथं लीद टाकली ना, तर त्यासारखा शकुन नाही!"

"चर्चमध्ये?" नोएमीबाईंनी विचारलं.

"वेदीपुढं! तुमची सून उभी राहील ना, अगदी तिथंच!"

"पुसतो आम्ही नंतर," वास्को घाईघाईने म्हणाला आणि त्याला वाटलं की विषय बदलावा. म्हणून त्याने चौकाच्या वळणाकडे बोट दाखवून आजोबांच्या वेळची शर्यत सुरू केली. पहिल्या फेरीला फोस्कोराव घड्याळाकडे पाहत होते. दुसऱ्या फेरीला तेही सांगू लागले. तिसऱ्या फेरीला दोघांचे आवाज चढले, आणि शेवटच्या वळणावर "कोणी अडवलं, ठाऊक आहे?" असं वास्को म्हणाला तेव्हा फोस्कोरावांनी त्याच्या पायावर पाय दिला. नॉर्माबाईंनी तेवढ्यात आळीचं गाणं धरलं:

शिंगं वर, मान वर, गोगलगाय आली गं,
चांदीची वाट तिच्या मागं मागं झाली गं.

गाणं गोड होतं. नोएमीबाईंनी मान डोलावलीसुद्धा. पण घड्याळात एक वाजला होता. नॉर्माबाई आणि वास्कोला चौकातच सोडून ते निघाले. कॅथेड्रलच्या तिकिटांची रांग पायऱ्या उतरून खाली आली होती; म्हणून त्यांनी कॅथेड्रल रांगेच्या शेपटाकडून पाहिलं. काळे-पांढरे पट्टे, वरच्या संगमरवरावर ऊन. "आत याहून छान आहे," फोस्कोराव म्हणाले, आणि स्वतःच्याच आवाजातली केविलवाणी विनवणी ऐकून त्यांना लाज वाटली.

इल्दाबाईंचा फोन. "कुठं आहात? हाताने वळलेल्या शेवया आहेत. पाण्यात टाकायच्या तरी कधी?"

"टाक. निघालोच."

घरी जायच्या दोन वाटा. एक चित्ता आळीतून, वर चढून, मग खाली उतरून, पुन्हा वर. दुसरी सरळ. फोस्कोरावांनी पहिल्या वाटेकडे हात केला. नोएमीबाईंनी चढ पाहिला. एक पोस्टमन सायकल ढकलत चालला होता, त्याला त्यांनी विचारलं, "सान मार्को रस्त्याला जवळची वाट कुठली हो?"

"ही काय, सरळ. सात मिनिटं."

"विहीणबाई, तिकडं काही पाहण्यासारखं..." फोस्कोराव म्हणेपर्यंत विहीणबाई वळल्याही. त्यांच्या मागं जमिनीकडे बघत एर्मेसराव. आणि फोस्कोराव जिथं होते तिथं थांबले, कारण कोपऱ्यावरच्या भिंतीत, डोक्याच्या उंचीवर, दगडात कोरलेलं एक कासव होतं. त्याच्या पुढची फरसबंदी अलीकडच्यासारखीच होती. तोच करडा दगड, तेच ऊन. पण फोस्कोरावांचे बूट काही पुढं जाईनात.

पंचवीस पावलांवर कासवांचं कारंजं. तिथं नोएमीबाईंचा गुडघा अचानक बसला. त्या कारंज्याच्या पायरीवर टेकल्या त्या टेकल्याच.

"फोस्कोराव!" एर्मेसरावांनी हाक मारली. "जरा या हो, हात द्या!"

फोस्कोरावांनी एक पाय उचलला. एकेचाळीस वर्षं त्या पायाला लोंबकळली होती. पाय खाली आला तो अलीकडेच.

"आलो असतो," ते ओरडले, "पण माझा पाय मुरगळलाय!"

"कधी?"

"सकाळीच! तटाखाली! म्हटलं, पाहुण्यांना कशाला सांगा!"

यानंतर जे घडलं ते त्यांना त्या कोपऱ्यावर उभ्याउभ्या पाहावं लागलं. कारंज्यासमोरच्या दारातून आर्जियाबाई बाहेर आल्या. सत्तरीच्या, कमरेला ॲप्रन, कासव आळीत त्यांच्या शब्दाला पाद्रीबाबाही मान देत. त्यांनी खुर्ची आणली, उशी आणली, बर्फ आणला. मग चार दारं उघडली. कुणी सरबत दिलं, कुणी गुडघ्याला फडकं बांधलं. कारंज्याशेजारचं छोटं चर्च, सावलीतलं, गुलाबी विटांचं, आर्जियाबाईंनी किल्ली लावून उघडलं, आणि नोएमीबाईंना खुर्चीसकट आत नेऊन गारव्यात बसवलं. दाराच्या चौकटीतून त्यांचा चेहरा दिसत होता. सकाळपासून पहिल्यांदा तो हसत होता.

मग आर्जियाबाईंचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. त्यांना सगळं एका क्षणात समजलं. समजणारच. सिएनात कोण कुठल्या दगडापाशी का थांबलंय हे शेंबड्या पोरालाही समजतं.

"या ना फोस्कोराव!" त्यांनी साखरेत घोळवून हाक मारली. "अहो, ऊन लागेल! आमच्याकडं सावली फुकट असते!"

"पाय मुरगळलाय!"

"अगंबाई, खरंच? मग उचलून आणू का आमच्या पोरांकडून?"

"नको! इथं वारा चांगला आहे!"

फोन वाजला. इल्दाबाई. फोस्कोरावांनी सांगायला सुरुवात केली, पण कारंजं या शब्दाच्या पुढं त्यांना जाता आलं नाही. "तुम्ही वेशीवर उभे आहात ना?" इल्दाबाईंनी विचारलं. उत्तराची वाट पाहिली नाही. दहा मिनिटांनी त्या शेवयांचं पातेलं फडक्यात बांधून, वरून लसणाच्या रश्शाचं भांडं घेऊन, सरळ कासव आळीतून चालत आल्या. बदकाच्या लेकीला कुठलीही फरसबंदी वर्ज्य नव्हती.

"आता काय करू तुमचं!" कोपऱ्यापाशी येऊन त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "लेकीची सासू तिथं कोलमडलीय आणि तुम्ही इथं दिव्याच्या खांबासारखे!"

"तू जा. त्यांना वाढ. माझं जाऊ दे."

"तुमचं जाऊच देतेय. एकेचाळीस वर्षं तेच करतेय."

कारंज्यापाशी लांब बाक मांडलं गेलं. शेवया इल्दाबाईंच्या, वाइन कासवांची, चीज कुणाचं कोण जाणे. एर्मेसराव तिसऱ्या पेल्याला चक्क बोलू लागले आणि त्यांनी कासव आळीच्या वेशीचे दगड किती अचूक बसवलेत याचं व्यावसायिक कौतुक केलं. फोस्कोरावांची थाळी आर्जियाबाईंनी स्वतः आणली आणि वेशीच्या रेषेवरून हात लांब करून दिली, बोट इंचभरही अलीकडे न येऊ देता. आळीच्या बाबतीत आर्जियाबाईही काही कमी नव्हत्या. फोस्कोरावांनी उभ्याउभ्या, भिंतीतल्या दगडी कासवाच्या नाकासमोर, शेवया खाल्ल्या. शेवया गार झाल्या होत्या.

साडेतीनला सगळे उठले. तूफी दरवाजा कारंज्यापासून पाच मिनिटं, उताराचा. कासवांची दोन पोरं नोएमीबाईंना खुर्चीतून नेणार होती. निरोप द्यायलाच हवा होता, आणि चर्चचं काय ठरलं तेही विचारायला हवं होतं. फोस्कोराव वळले आणि धावत सुटले. चित्ता आळी चढले, उतरले, आपली आळी ओलांडली, सान मार्को दरवाज्यातून बाहेर, तटाच्या कडेने, ट्रक, खाजकुइली, तीच पिवळी फुलं, तीच माना डोलावणारी. बस सुरू झालेली दिसली तेव्हा त्यांना आठवलं आणि शेवटची दहा पावलं ते लंगडत गेले.

नोएमीबाई बसच्या पायरीवर होत्या. त्यांनी फोस्कोरावांना पाहिलं, लाल चेहरा, घामाने चिकटलेला शर्ट, लंगडता पाय, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"अहो व्याहीबुवा, मुरगळलेल्या पायाने पुन्हा आलात! सकाळी त्याच पायाने आम्हाला तट दाखवलात, आणि एक शब्द नाही! माझ्या मनात उदिने पक्कं होतं, खोटं कशाला बोलू. सकाळी तर मी ह्यांना म्हणालेसुद्धा, या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही. पण अशा माणसांत मुलगा द्यायला काय हरकत आहे? ठरलं. लग्न सिएनालाच!"

फोस्कोरावांच्या छातीत चर्चच्या घंटा वाजू लागल्या. "विहीणबाई! आमचं चर्च..."

"पाहिलं ना! दोन तास तिथंच बसले होते. काय गारवा, काय शांतता! आर्जियाबाईंना विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, मेनिकेत्तींच्या मुलीला आमचं चर्च द्यायला आम्हाला जो आनंद होईल तो सांगता येणार नाही."

घंटा थांबल्या. कमानीखाली, आतल्या बाजूला, आर्जियाबाई हात बांधून उभ्या होत्या. त्यांचा आनंद खरोखरच सांगता येण्यासारखा नव्हता. त्यांच्या शेजारी इल्दाबाई रिकामं पातेलं घेऊन आभाळाकडे बघत होत्या.

"पण आमच्या आळीतलं चर्च..." फोस्कोराव कसेबसे म्हणाले.

"ते घोड्याचं? नको बाई."

खरं सांगावं तर सगळंच सांगावं लागलं असतं. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला तीन बाजू का चालवलं, तेही. फोस्कोराव बसच्या पायरीशी सरकले. "विहीणबाई, मी म्हणतो... उदिनेला काय वाईट आहे?"

"काय?"

"उदिनेलाच करू. हवा फार चांगली म्हणे. तुमची माणसं, तुमचं गाव. आम्ही येतो ना सगळे. मी स्वतः वेळापत्रक करतो!"

नोएमीबाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. "ऐकलंत का हो!" त्या आत बसलेल्या नवऱ्याला म्हणाल्या. "आमच्यासाठी मुलीचं लग्नसुद्धा सोडायला निघाले! एवढं मोठं मन! नाही, फोस्कोराव, आता तर मुळीच नाही. त्याच चर्चमध्ये, सप्टेंबरात!"

दार बंद झालं. एर्मेसरावांनी काचेतून हात हलवला, मग वाकून दरवाज्याकडे पाहिलं, तटाकडे पाहिलं, बोटाने हवेत काहीतरी मोजलं, आणि बस वळणाआड गेली.

कमानीच्या आत इल्दाबाई, बाहेर फोस्कोराव. मध्ये सावलीचा एक पट्टा.

"चला," इल्दाबाई म्हणाल्या. "इथून घर दहा मिनिटांवर आहे."

"तू हो पुढं. मी बाहेरून येतो."

"आणि सप्टेंबरात? वेदीपर्यंत मुलीचा हात धरून कोण नेणार? तेही बाहेरूनच?"

फोस्कोरावांच्या डोळ्यांसमोर जेम्मा उभी राहिली, पांढऱ्या पोशाखात, हात पुढं केलेली, आणि तिच्या बुटांखालचा तो करडा दगड. 

"आर्जियाबाईंना एवढं विचार," ते हळूच म्हणाले, "त्या चर्चला मागून एखादं दार निघतं का. आणि ते कुठल्या आळीत उघडतं."